प्रदर्शनातील गाळा

तुम्ही एखाद्या प्रदर्शनात मालाचे गाळे पाहिले असतील. अमेरिकेतील व्यापारी प्रदर्शनांत असा गाळा बहुधा १० फूट लांब व १० फूट रुंद असतो. गाळे ओळीने असतात. समोर येण्याजाण्याची वाट, मागे भिंत आणि दोन्ही बाजूंना शेजारी.

समजा, एका व्यापाऱ्याने आपल्या गाळ्याच्या अगदी पुढच्या कडेला ८ फूट उंच फळी उभी केली. वाटेने येणाऱ्या माणसाला पलीकडचा गाळा दिसेल का? दिसणार नाही. शेजाऱ्याने भाडे भरले, माल मांडला, पण गिऱ्हाईक तिकडे फिरकलेच नाही! म्हणून तेथे सहसा एक नियम पाळतात. गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात ८ फुटांपर्यंत उंच मांडणी चालते. वाटेकडील ५ फुटांत मात्र ४ फुटांहून उंच काही ठेवता येत नाही. म्हणजे कपाट मागे, टेबल पुढे.

ज्या मोठ्या गाळ्याच्या चारही बाजूंना वाट असते, त्याला तेथे ‘बेट’ म्हणतात. त्याला लागून कोणी शेजारी नसतो. म्हणून त्याला उंचीची सूट अधिक मिळते. अर्थात, एवढी जागा लहान व्यापाऱ्याला परवडत नाही.

वाट मात्र सर्वांची. यंत्र चालवून दाखवायचे असेल, तर ते कडेपासून आत ठेवावे लागते. पाहणाऱ्यांची गर्दी आपल्याच हद्दीत मावली पाहिजे. आग लागली, तर बाहेर पडायला हीच वाट असते.