जहाज कुणासाठी थांबत नाही! क्रूझवरून बेटावर उतरताना सहल कशी निवडायची?

२७ मार्च २०२४. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेलं साओ टोमे बेट. एका क्रूझचे आठ प्रवासी खासगी सहलीला गेले आणि ठरलेल्या वेळेपेक्षा तासाहून जास्त उशिरा परतले. जहाज समोरच नांगर टाकून उभं होतं. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजाजवळ नेलंही, पण वर घेतलं गेलं नाही. मग अनेक देश पार करत जहाजाचा पाठलाग सुरू झाला. गांबियात ओहोटीमुळे जहाज बंदराला लागलंच नाही. अखेर सेनेगलमध्ये त्यांना ते गाठता आलं.

क्रूझ बंदरात असताना किनाऱ्यावर जी काही तासांची सहल केली जाते, तिला शोअर एक्सकर्शन म्हणतात. बहुतेक वेळा तिचे पैसे तिकिटात धरलेले नसतात. मग ती निवडायची कशी?

कंपनीची सहल की खासगी?

कंपनीच्या सहलीला पैसे जास्त लागतात आणि सोबत बसभर माणसं असतात. पण तिची बस अडकली, तर जहाज सहसा थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. खासगी सहल स्वस्त पडते, गट छोटा असतो, आवडेल तिथे जास्त वेळ थांबता येतं. मात्र उशीर झाला तर विमानाच्या तिकिटापासून हॉटेलपर्यंतचा खर्च स्वतःचा.

मग ठरवायचं कसं?

अंतर पाहून. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाचं उदाहरण घेऊ. चिचेन इत्झाचा प्रसिद्ध माया पिरॅमिड या बेटावर नाहीच. आधी फेरीबोटीने समुद्र ओलांडायचा, मग रस्त्याने काही तास जायचं आणि तसंच परत यायचं. फेरी चुकली की सगळं गणित कोलमडतं, म्हणून अशी सहल कंपनीकडूनच घेतलेली बरी. पण माया लोकांचेच सान हेर्वासियोचे अवशेष याच बेटावर आहेत. तिथे टॅक्सीने जाऊन आरामात परत येता येतं.

जहाज धक्क्याला लागणार का?

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. ग्रँड केमनला मोठी क्रूझ जहाजं समुद्रातच उभी राहतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. जाता-येता रांगेत वेळ जातो, त्यामुळे हातात सहा तास दिसले तरी प्रत्यक्षात कमीच मिळतात. समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होऊ शकतं. म्हणून खासगी सहलीचे पैसे भरण्याआधी, जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतील का, हे विचारून घ्यावं.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. अगत्तीभोवती प्रवाळाचा कठडा आहे. मोठं जहाज बाहेरच थांबतं, पुढचा प्रवास बोटीने होतो.

घड्याळ कुठलं पाहायचं?

जहाजाचं. कोझुमेल ज्या राज्यात आहे, तिथे २०१५ पासून घड्याळ वर्षभर बदलत नाही. मायामीत मात्र उन्हाळ्यात ते एक तास पुढे जातं. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल आणि मोबाइलने आपोआप स्थानिक वेळ पकडली, तर प्रवासी एक तास मागे पडतो. शिवाय जहाज सुटण्याची वेळ वेगळी आणि सगळ्यांनी परत चढण्याची वेळ वेगळी. दुसरी अर्धा ते एक तास आधीची असते. पाळायची ती हीच.

उतरताना सोबत काय हवं?

पासपोर्टची प्रत, बँकेचं कार्ड, रोजची औषधं आणि बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर. तो जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा छापलेला असतो. स्नॉर्केलिंग करणार असाल तर सनस्क्रीनवरचे घटक वाचा. यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये प्रवाळाला घातक ठरणाऱ्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांची सनस्क्रीन नेण्यावर बंदी आहे.

आणि खासगी सहल घ्यायचीच असेल, तर परतीची वेळ किमान दोन तास आधीची ठरवा. एखादा समुद्रकिनारा कमी पाहिला तरी चालेल, पण जहाज धक्क्यावरून पाहायची वेळ येऊ नये.