चिपाडातली वीज : वाफ वाचली तरच

मराठवाड्यातल्या पाथरी तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस उभा राहतो. एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा निघतो. तेच बॉयलरचे फुकटचे सरपण. त्याच्या वाफेवर आधी टर्बाइन फिरते, वीज होते. मग उरलेली कमी दाबाची वाफ रस आटवायला जाते. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. शेवटच्या मिलमधून आलेला भुसा मुठीत दाबला तर तळवा ओलसर होतो, आणि ते पाणी उडवण्यातच उष्णता वाया जाते. धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर तो सुकवता येतो.

जुन्या कारखान्यांचे बॉयलर २१ किंवा ४५ किलो दाबाचे. नवे ८७ किंवा ११० किलोंचे. तेवढ्याच भुशात जास्त वीज! पण नुसता मोठा बॉयलर बसवून भागत नाही. रस आटवण्यात जाणारी वाफही वाचवावी लागते. जुन्या पद्धतीत उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागते. रस आटवायला फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर बसवले आणि रसातून निघणाऱ्या वाफेचा पुनर्वापर केला, तर ती ४० टक्क्यांखाली येते. मिलची छोटी वाफ-टर्बाइन्स काढून विजेच्या मोटारी बसवणे, हा तर वाफ वाचवण्याचा सर्वांत सरळ उपाय.

मराठवाड्यासाठी आणखी एक हिशेब : उसात सुमारे ७० टक्के पाणी असते. रस आटवताना निघालेले ते पाणी थंड करून परत वापरले, तर कारखान्याची बाहेरच्या पाण्याची गरज बरीच घटते.