अनुक्रमणिकेच्या पायऱ्या

ग्रंथ हाती आला की जाणता वाचक प्रथम अनुक्रमणिका उघडतो. छापील ग्रंथात ती पृष्ठांकांच्या आधारे वाट दाखविते. तोच ग्रंथ संगणकासाठी एचटीएमएल रूपात उतरविला की पृष्ठांक लोपतात आणि त्यांची जागा दुवे घेतात. अशा वेळी अनुक्रमणिका बिघडली, तर मजकूर असूनही वाचकाला नसल्यासारखाच होतो.

असे रूपांतर करणारे पॅनडॉक हे एक प्रसिद्ध साधन आहे. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ साली प्रथम उपलब्ध केले. अनुक्रमणिका मागितली, की हे साधन मजकुरातील मथळे वेचते आणि मोठ्याच्या पोटात लहान अशी त्यांची यादी रचते. एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या सहा पायऱ्या असतात. वेगळी सूचना नसेल, तर त्यांपैकी पहिल्या तीनच यादीत येतात.

ही खोली किती ठेवावी? समर्थांच्या दासबोधाचे उदाहरण घेता येईल. त्यात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास आहेत. दशक ही पहिली पायरी व समास ही दुसरी मानली, तर एका पायरीची अनुक्रमणिका २० ओळींची होते, दोन पायऱ्यांची २२० ओळींची. पहिलीत समास सापडत नाही. दुसरीत समास मिळतो, पण यादी लांबते. ओव्यांनाही मथळ्याचा मान दिला, तर यादी आणि ग्रंथ यांत फरकच उरणार नाही.

दुसरी अडचण नावांची. ‘समास पहिला’ हा मथळा वीस वेळा येतो. पॅनडॉक मथळ्यावरूनच दुव्याची खूण घडविते आणि पुनरुक्ती झाल्यास पुढे क्रमांक जोडते. मध्येच तशाच नावाचे नवे प्रकरण घातले, की पुढचे क्रमांक सरकतात आणि पूर्वी दिलेले दुवे भलत्याच ठिकाणी नेतात. म्हणून महत्त्वाच्या मथळ्यांना लेखकाने स्वतःच कायमची खूण द्यावी, हे उत्तम.

तिसरी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. केवळ ठळक व मोठ्या अक्षरांत लिहिलेली ओळ माणसाला मथळा वाटते. यंत्राच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. मूळ लेखनात मथळ्याची शैली वापरलेली नसेल, तर कितीही खोली मागितली तरी ती ओळ अनुक्रमणिकेत अवतरत नाही. यंत्र क्रम लावते. विचारांची उतरंड मात्र लेखकालाच आधी रचावी लागते.