तडीपारीचा आदेश : कोर्ट नेमकं काय तपासतं?

गावात एखाद्याची दहशत वाढली की गटाच्या बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, "त्याला तडीपारच करा." आणि ज्या घरातला मुलगा तडीपार होतो, त्या घरची आई विचारते, "गुन्हा शाबित झालाच नाही, मग पोराला जिल्ह्याबाहेर कसं काढलं?" आज आम्ही या दोघींशीही बोलणार आहोत.

तडीपारी ही शिक्षा नव्हे. पुढे काही वाईट घडू नये म्हणून घेतलेली ती खबरदारी आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५६ खाली आपल्याकडे प्रांतसाहेब असा आदेश काढू शकतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. त्यासाठी खटल्याचा निकाल लागावा लागत नाही. पण आधी नोटीस द्यावी लागते, आरोप साधारण काय आहेत ते लेखी कळवावं लागतं, त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. त्याला वकीलही देता येतो. साक्षीदारांची नावं मात्र त्याला सांगण्याचं बंधन नाही. तेव्हा पोलिसांनी गोपनीय जबाब मागितला तर बायांनी मागे सरू नये, असं आम्हाला वाटतं.

आदेश निघाला तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. पुढे हायकोर्ट; आपल्या जिल्ह्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. माणूस चांगला की वाईट, याचा निवाडा हायकोर्ट तिथे करत नाही. अधिकाऱ्याने निर्णय कसा घेतला, कशाच्या आधारावर घेतला, एवढंच ते पाहतं.

जालना जिल्ह्यातल्या एका माणसाला दोन वर्षं तडीपार केलं होतं. औरंगाबाद खंडपीठाने त्याचा अर्ज फेटाळला. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०२२ ला आदेशच रद्द केला. त्यात २०१३ आणि २०१८ चे गुन्हे धरले होते. इतक्या जुन्या गुन्ह्यांचा आजच्या धोक्याशी संबंध काय? आणि पूर्ण दोन वर्षंच का, याचं एकही कारण लिहिलेलं नव्हतं. तडीपारीने माणसाचं घर आणि रोजीरोटी दोन्ही तुटू शकतात, म्हणून हा उपाय क्वचितच वापरावा, असं कोर्टाने बजावलं. नागापूरच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा मुलगा दोन वर्षं जिल्ह्यात पाऊल ठेवू शकला नाही, तर त्या घराची चूल कशावर पेटणार, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

अमरावतीचं प्रकरण तर आणखी बोलकं आहे. तिथे सरकारी पैशाच्या गैरवापराबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या एका पत्रकारालाच तडीपार केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोही आदेश रद्द केला. उद्या रेशनचा हिशेब मागणाऱ्या बाईवरही हेच हत्यार चालवता येईल, हे विसरू नका.

परदेशातही असंच चालतं. ऑस्ट्रेलियात "चारित्र्य ठीक नाही" म्हणून मंत्री व्हिसा रद्द करू शकतात. २००७ मध्ये तिथे काम करणारे आपल्या बेंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ यांचा व्हिसा असाच गेला. इंग्लंडमध्ये संशयित ठरलेल्या नातेवाइकांशी त्यांचा संबंध आहे, हे कारण दिलं. कोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्र्यांचा निर्णय रद्द केला, डिसेंबरमध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं. नुसतं नातं असणं म्हणजे गुन्ह्यात साथ देणं नव्हे, मंत्र्यांनी कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

म्हणून गटाने अर्ज देताना "फार वाईट माणूस आहे" एवढंच लिहू नये. कोणत्या तारखेला, कुठे, काय घडलं, कुणाला भीती वाटली, ते लिहावं, अलीकडचं लिहावं. नाहीतर खरोखर त्रास देणाराही कोर्टातून आदेश रद्द करून परत येतो.

आणि त्या आईसाठी : आदेशाची प्रत आणि नोटीस जपून ठेवा, तारीख पाहा, वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. घरात लग्न किंवा आजारपण असेल तर कलम ६३ खाली थोड्या दिवसांसाठी यायची परवानगी मागता येते. परवानगीशिवाय रात्रीतून येऊन गेला, तर अटक होते आणि नवा गुन्हा लागतो.