गोदामात मोजणी करणारा आर्टिकल

मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, मिळाली की घरी पेढे वाटले जातात, आणि दोन महिन्यांत तक्रार सुरू होते: नुसती मोजामोजी करायला लावतात, टिका मारून घेतात, बँकांना पत्रे पाठवायला सांगतात. सीए होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे काम कारकुनी वाटते. 2023 पासून नियम बदलले. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते आणि ती तीनऐवजी दोनच वर्षांची असते. त्यातले महिनेच्या महिने अशा कामात गेले की शिकणार कधी, हा प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते तक्रारीचा रोख चुकतो. ही कामे ऑडिटमधली सर्वांत हलकी नसून सर्वांत नाजूक आहेत. फर्मचा दोष ती आर्टिकलला देण्यात नाही, का करायची ते न सांगता देण्यात आहे.

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्याचे उदाहरण घेऊ. एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसरीकडे पिरंगुट-उरवडे पट्ट्यातले लहानमोठे कारखाने. 31 मार्चच्या आसपास अशा एखाद्या कारखान्यात आर्टिकल साठ्याच्या मोजणीला हजर राहतो. मोजणी कंपनीची माणसे करतात. त्याने ती पाहायची असते आणि काही वस्तू स्वतः पुन्हा मोजायच्या असतात. यादीतली वस्तू रॅकवर आहे का, हे कोणीही पाहील. रॅकवरची वस्तू यादीत आहे का, हे उलटे पाहणे सहज सुचत नाही. पहिल्या तपासात कागदावर फुगवलेला माल सापडतो, दुसऱ्यात लपवलेला. शिवाय कोपऱ्यातले लोखंड कंपनीचे आहे की जॉबवर्कसाठी दुसऱ्याने पाठवलेले? शेवटचे डिस्पॅच चलन कोणत्या क्रमांकाचे, आणि त्या मालाची विक्री याच वर्षात धरली का? न उघडलेल्या पिंपात खरोखर रसायन आहे की पाणी? हे प्रश्न माहीत असलेला मुलगा त्या एका दिवसात कच्चा माल, उत्पादन, विक्री आणि नफा यांचे नाते शिकून परततो. माहीत नसलेला मुलगा उन्हातान्हात फिरून कंटाळून परततो. दोघांच्या फाइलमध्ये टिका मात्र सारख्याच दिसतात, आणि खरी अडचण तीच आहे.

मोजणी नुसत्या टिकांपुरती उरण्याची भीती काल्पनिक नाही. 1938 मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघड झाला. कॅनडातल्या गोदामांत दाखवलेला लाखो डॉलरचा माल अस्तित्वातच नव्हता. तो प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची सक्ती तेव्हा ऑडिटरवर नव्हती. या प्रकरणानंतरच तिथे ती रीत पक्की झाली. आपल्याकडे 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजू यांनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा खोट्या रोख व बँक शिलकेचा आकडा 5,040 कोटी रुपये होता. बँकांकडून शिलकेची खातरजमा करून घेण्याच्या प्रक्रियेवर ऑडिटरांनी स्वतःचा ताबा ठेवला नव्हता, असे अमेरिकेच्या रोखे बाजार नियामक एसईसीने 2011 मध्ये नोंदवले. पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचे आणि उत्तर थेट ऑडिटरकडेच यायला हवे, एवढाच तो साधा नियम. आज हीच पत्रे आर्टिकलच्या टेबलावर असतात.

यावर म्हणतात की हे काम लवकरच संगणक करील. काही भाग करीलही; बँकांची खातरजमा ऑनलाइन होऊ लागलीच आहे. पण कोणत्या उत्तरावर शंका घ्यायची, हे ठरवणारा माणूस लागेलच, आणि तो अशा कामांतूनच घडतो. दुसरा आक्षेप असा की लहान फर्ममध्ये जीएसटीपासून आयकराच्या सुनावणीपर्यंत सगळे हाताखालून जाते, मोठ्या फर्ममध्ये एकच तुकडा वाट्याला येतो. हे बरेचसे खरे आहे, आणि स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल त्याने लहान फर्म निवडावी, असेच मी म्हणेन. मोठ्या फर्मची खरी देणगी आहे ती कामाची नोंद अशी ठेवण्याची शिस्त की तिसऱ्या माणसाला फाइलवरून सगळे कळावे.

तिसरा आक्षेप तासांचा, आणि त्याला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. आर्टिकलसाठी सीएंची संस्था आयसीएआय हिचे माप आठवड्याला 35 तासांचे आहे. सीझनमध्ये ते किती पाळले जाते, हे या व्यवसायातल्या कोणालाही विचारावे. 2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या फर्ममध्ये रुजू झालेल्या 26 वर्षांच्या सीए तरुणीचा चार महिन्यांतच मृत्यू झाला. आईने पत्र लिहून अतिकामाकडे बोट दाखवले, फर्मने तो संबंध नाकारला. ती आर्टिकल नव्हती, तरी प्रश्न तोच. रात्री अकराला डोळे चोळत मारलेली टीक पुरावा नसते; दमलेला मुलगा शंका घेत नाही, फाइल संपवतो. म्हणजे जादा तासांनी मुलाची तब्येत जाते आणि ऑडिटही पोकळ होते.

म्हणून आर्टिकलशिपसाठी मुलाखतीला जाताना स्टायपेंड जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की मोजणीत फरक सापडला तर तो कोणाला सांगायचा, आणि पुढे त्याचे काय होते ते आम्हाला कळते का. ज्या फर्मला याचे नीट उत्तर देता येत नाही, तिथे नाव कितीही मोठे असले तरी जाऊ नका.