'भरणे'

'आईने हंडा भरला' या वाक्यात हंडा हे कर्म आहे. 'आईने पाणी भरले' या वाक्यात पाणी हे कर्म होय. भांडे असो वा त्यात घालावयाची वस्तू असो, 'भरणे' हे क्रियापद दोहोंस चालते. मात्र वस्तू कर्म झाली की अर्थात साठवणीची छटा येते. 'बाबांनी गहू आणले' एवढ्यावरून ते किती, हे कळत नाही. 'गहू भरले' म्हणताच उन्हात वाळवून, निवडून कोठीत ठेवलेले वर्षाचे धान्य डोळ्यांपुढे उभे राहते. कोकणात मृगापूर्वी तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवण्याची रीत आहे. तिला आगोटीची बेगमी म्हणतात. परंतु ज्याच्या हाती त्या दिवसाची मजुरीच तेवढी असते, तो सायंकाळी किलोभर तांदूळ घेऊन घरी येतो. त्याने तांदूळ 'आणले' असेच आपण म्हणतो. 'भरले' असे कोणी म्हणत नाही.

'सारा भरला', 'फी भरली' येथे गंमत पाहा : भरणाऱ्याची थैली रिकामी होते, भरते ती दुसऱ्याची तिजोरी! आणि 'शाळा भरली' येथे तर कर्मच नाही. तेथे हे क्रियापद अकर्मक झाले आहे.