संगणकावर गणिती लायब्ररी बसविताना

लॉगॅरिथमची कोष्टके एके काळी प्रत्येक अभियंत्याच्या टेबलावर असत. पुलावरील भार काढावयाचा असो, ग्रहणाची वेळ ठरवावयाची असो, किंवा भर समुद्रात जहाजाचे स्थान निश्चित करावयाचे असो, गणिताचा किचकट भाग दुसऱ्या कोणी तरी आधीच करून छापून ठेवलेला असे आणि त्यावर विश्वास ठेवून पुढील काम चाले. हा विश्वास नेहमीच सार्थ ठरे असे नाही. १८२१ मध्ये चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे इंग्लंडमधील दोन शास्त्रज्ञ खगोलीय कोष्टके तपासून पाहत असता त्यांना इतक्या चुका आढळल्या की, अशी आकडेमोड यंत्राकडून करवून घ्यावी हा विचार बॅबेजच्या मनात घर करून बसला. संगणकाच्या इतिहासाचा एक धागा या चुकांपासून निघतो.

आज ती कोष्टके कपाटात गेली आहेत. परंतु दुसऱ्याने करून ठेवलेल्या गणितावर विसंबण्याची गरज मात्र संपलेली नाही. कोष्टकांची जागा आता संगणकातील लायब्ररीने घेतली आहे. या लायब्ररीत पुस्तके नसतात. तयार आज्ञावली असतात. समीकरणाची मुळे काढणे, वक्राखालील क्षेत्रफळ मोजणे, मोठ्या सारणींचा गुणाकार करणे अशा प्रत्येक कामाकरिता तज्ज्ञांनी लिहिलेली एकेक आज्ञावली तीत असते व हव्या त्या वेळी ती आपल्या आज्ञावलीतून बोलावता येते. अशी लायब्ररी लिनक्स प्रणालीच्या संगणकावर कशी बसवावी, आणि ती नीट बसली हे कसे ओळखावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पुस्तकातील सूत्र का पुरत नाही

सूत्र ठाऊक असताना दुसऱ्याच्या आज्ञावलीची आवश्यकता काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संगणकाच्या अंकगणितात आहे. कागदावर संख्या हवी तितकी लांब लिहिता येते. संगणकात मात्र प्रत्येक संख्येला ठरावीक जागा मिळते. १९८५ मध्ये निश्चित झालेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे नेहमीच्या वापरातील संख्येस ६४ बिटांची जागा असते व तीत सुमारे १६ दशमान अंकांपर्यंतच अचूकता राहते. त्यापुढचे अंक गाळले जातात. शिवाय संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. एकतृतीयांश हा अपूर्णांक दशमान पद्धतीत जसा कधीच संपत नाही, तसा एकदशांश हा साधा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपत नाही.

ही उणीव क्षुल्लक वाटेल; पण ती साठत जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणाऱ्या क्षेपणास्त्राचा माग लागला नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा काळ दशांश सेकंदांत मोजत असे आणि एकदशांशाची किंमत २४ बिटांत छाटून ठेवलेली होती. प्रत्येक मोजणीस होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही थोडी कमी होती. परंतु यंत्रणा सुमारे १०० तास सतत चालू राहिल्याने ती साठून ०·३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापून जाते.

शाळेत शिकविले जाणारे वर्गसमीकरणाचे सूत्रही या दोषापासून मुक्त नाही. क्ष चा वर्ग, वजा १०,००,००,००० क्ष, अधिक १ बरोबर शून्य, हे समीकरण घ्यावे. याचे लहान मूळ जवळजवळ ०·००००००01 आहे. नेहमीच्या सूत्राप्रमाणे ते काढू गेल्यास दोन प्रचंड व जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करावी लागते. या वजाबाकीत पुढचे सारे अंक एकमेकांस छेद देऊन नाहीसे होतात व उरतात ते केवळ शेवटचे, आधीच छाटले गेलेले अंक. संगणक उत्तर देतो ०·००००००००७४५. म्हणजे सूत्र बिनचूक, यंत्र निर्दोष, आणि उत्तरात मात्र शेकडा २५ ची चूक! जाणता गणिती प्रथम मोठे मूळ काढतो, कारण तेथे वजाबाकी न येता बेरीज येते. आणि दोन्ही मुळांचा गुणाकार १ असतो हे ध्यानात घेऊन भागाकाराने लहान मूळ मिळवितो. चांगल्या लायब्ररीत हेच शहाणपण आधीपासून साठविलेले असते.

जीएसएल : एक उदाहरण

अशा लायब्रऱ्या अनेक आहेत. त्यांपैकी जीएनयू सायंटिफिक लायब्ररी, संक्षेपाने जीएसएल, ही उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मार्क गलासी व जेम्स थायलर यांनी १९९६ मध्ये तिचा आराखडा मांडला. सी या भाषेत लिहिलेल्या या लायब्ररीत एक हजाराहून अधिक फलने आहेत. विशेष फलने, फूरिए रूपांतर, अवकल समीकरणे, सांख्यिकी, यादृच्छिक संख्या असे तिचे विभाग आहेत. वर सांगितलेले वर्गसमीकरण ती भागाकाराच्या रीतीनेच सोडविते. ती कोणासही विनामूल्य घेता येते; एवढेच नव्हे, तर तिची मूळ संहिता उघडी असल्याने आतील गणित वाचून पाहता येते. ज्या उत्तरावर विसंबावयाचे, ते कसे निघाले हे पाहण्याची मुभा असणे ही शास्त्रीय कामात मोठीच सोय होय.

बसविण्याच्या दोन रीती

पहिली रीत सोपी आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या वितरणांत तयार पॅकेजांचा साठा असतो. भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. यांतील पॅकेज-व्यवस्थापकास एक आज्ञा दिली की लायब्ररी आणली जाऊन योग्य जागी बसते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुधा दोन पॅकेजे असतात : एक केवळ तयार आज्ञावली चालविण्यापुरते, आणि दुसरे नवीन आज्ञावली लिहिणाऱ्याकरिता. दुसऱ्याच्या नावास ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हेल’ असे शेपूट असते व त्यात हेडर फाइली असतात. नवशिक्या पहिलेच पॅकेज बसवितो आणि कम्पायलर हेडर सापडत नसल्याची तक्रार करू लागला की बुचकळ्यात पडतो.

दुसरी रीत म्हणजे मूळ संहिता आणून ती आपल्याच यंत्रावर बांधणे. साठ्यातील आवृत्ती जुनी असेल, किंवा यंत्राला अनुरूप बांधणी हवी असेल, तेव्हा ही रीत पत्करावी लागते. संहितेचे गाठोडे अधिकृत ठिकाणाहून आणावे आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या अंकीय स्वाक्षरीशी ते पडताळून घ्यावे. नंतर ते सोडून पुढील चार पायऱ्या क्रमाने चढावयाच्या असतात.

पहिली पायरी ‘कॉन्फिगर’. ही आज्ञावली यंत्राची पाहणी करते : कम्पायलर कोणता आहे, कोणत्या सोयी उपलब्ध आहेत, अंकगणित कसे चालते. या पाहणीवरून ती बांधकामाचा नकाशा, म्हणजे मेकफाइल, तयार करते. दुसरी पायरी ‘मेक’. या नकाशाप्रमाणे शेकडो संहिता-फाइलींचे यंत्रभाषेत रूपांतर होते. तिसरी पायरी ‘मेक चेक’, आणि चौथी ‘मेक इन्स्टॉल’. शेवटच्या पायरीत तयार झालेली लायब्ररी यूएसआर-लोकल या निर्देशिकेत ठेवली जाते व त्याकरिता यंत्राच्या प्रमुख वापरकर्त्याचे अधिकार लागतात. महाविद्यालयातील सामायिक यंत्रावर विद्यार्थ्यास असे अधिकार नसतात. त्याने कॉन्फिगर करतानाच ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने स्वतःच्या निर्देशिकेचा पत्ता द्यावा. मग कोणाचीही परवानगी न लागता सर्व काम पार पडते.

तिसरी पायरी गाळू नये

या चारांपैकी तिसरी पायरी गाळली तरी लायब्ररी बसते. म्हणूनच ती पुष्कळदा गाळली जाते. वस्तुतः सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. ‘मेक चेक’ या आज्ञेने लायब्ररीच्या प्रत्येक विभागाची परीक्षा होते. ज्यांची उत्तरे आधीपासून निश्चित माहीत आहेत अशी असंख्य गणिते नव्याने बांधलेल्या लायब्ररीकडून सोडवून घेतली जातात, आणि आलेले उत्तर व अपेक्षित उत्तर यांतील अंतर ठरीव मर्यादेत आहे की नाही हे पाहिले जाते. बॅबेज व हर्शेल यांनी जे काम डोळे ताणून केले, तेच हे काम. फक्त ते आता काही मिनिटांत उरकते.

संहिता बरोबर असताना परीक्षेत चूक कशी निघेल? याचे कारण असे की, संहिता व यंत्र यांच्यामध्ये कम्पायलर असतो. वेग वाढविण्याकरिता कम्पायलरला निरनिराळे पर्याय देता येतात. त्यांतील ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय दिला असता तो बेरजांचा क्रम बदलण्यास व आयईईई मानकाचे काही नियम बाजूस ठेवण्यास मोकळा होतो. कागदावर बेरजेचा क्रम बदलल्याने काही बिघडत नाही, संगणकात बिघडते. १ या संख्येत एकावर १६ शून्ये असलेली संख्या मिळवून तीच पुन्हा वजा केली तर संगणकाचे उत्तर शून्य येते. आधी दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून मग १ मिळविला तर उत्तर १ येते. तेव्हा वेगाच्या हव्यासाने दिलेला एक पर्याय काळजीपूर्वक रचलेली आज्ञावली निकामी करू शकतो.

परीक्षेत एखादा विभाग अनुत्तीर्ण झाला तर त्याची नोंद वाचावी. फरक शेवटच्या अंकाचाच असेल तर तो यंत्रायंत्रांतील भेदामुळे असू शकतो. फरक मोठा असेल तर मात्र लायब्ररी बसवू नये. कम्पायलरचे खास पर्याय काढून टाकून ती पुन्हा बांधावी.

बसलेली लायब्ररी सापडावी कशी

बसविल्यानंतर पहिला प्रयोग लहान असावा. लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेतील पहिलेच उदाहरण यास उत्तम आहे. त्यात शून्य कोटीच्या बेसेल फलनाची ५ या स्थानची किंमत काढली आहे. ढोलाच्या पडद्याची कंपने किंवा दंडगोलातील उष्णतेचे वहन यांच्या गणितात हे फलन येते. कम्पायलरला आज्ञा देताना तीन लायब्रऱ्यांची नावे सांगावी लागतात : प्रथम जीएसएल, नंतर जीएसएल-सीब्लास, शेवटी गणिताची साधी लायब्ररी. जी दुसरीच्या आधारावर उभी असते तिचे नाव आधी, असा हा क्रम आहे.

आज्ञावली तयार होते, पण चालवू जाता ‘सामायिक लायब्ररी उघडता येत नाही’ असा संदेश येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. लायब्ररी हरवलेली नसते. लिनक्स प्रत्येक वेळी सर्व निर्देशिका धुंडाळीत नाही. ठाऊक असलेल्या लायब्रऱ्यांची एक सूची तो बाळगतो, आणि नव्या लायब्ररीचे नाव त्या सूचीत अजून चढलेले नसते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की सूची नवी होते. स्वतःच्या निर्देशिकेत लायब्ररी ठेवणाऱ्याने ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात तिचा पत्ता लिहावा.

याहून फसवा प्रकार म्हणजे एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या असणे. साठ्यातील जुनी लायब्ररी एका जागी, हाताने बांधलेली नवी दुसऱ्या जागी. हेडर एकीचे घेतले गेले आणि चालताना दुसरी जोडली गेली, तर प्रत्येक वेळी चुकीचा संदेश येईलच असे नाही. ‘एलडीडी’ ही आज्ञा आज्ञावलीस नेमकी कोणती लायब्ररी जोडली जात आहे हे दाखविते. उत्तराविषयी शंका येताच प्रथम तिचाच उपयोग करावा.

वेगाचा प्रश्न

वर उल्लेखिलेल्या सीब्लास या नावामागे ब्लास हा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला मूलभूत रेषीय बीजगणिताचा संच आहे. १९९० मध्ये त्यात सारणींच्या परस्पर गुणाकाराची भर पडली. हजार ओळी व हजार स्तंभ असलेल्या दोन सारणींच्या गुणाकारास सुमारे २ अब्ज क्रिया लागतात. यात खरा वेळ जातो तो गुणाकारांत नव्हे, तर मुख्य स्मृतीतून आकडे आणण्यात. म्हणून सारणीचे लहान चौकोन पाडून एक चौकोन जवळच्या जलद स्मृतीत आणतात व त्यावर करावयाची सर्व कामे उरकल्यावरच पुढचा घेतात. जीएसएलसोबत येणारे ब्लास साधे आहे. २०११ मध्ये सुरू झालेले ओपनब्लास निरनिराळ्या प्रक्रियकांच्या रचनेनुसार हे चौकोन बेतते, आणि मोठ्या सारणींच्या कामात कित्येक पटींनी जलद चालते. दोहोंची हाक एकच असल्याने मूळ आज्ञावली न बदलता केवळ जोडणीच्या वेळी नाव बदलून हा लाभ घेता येतो. मात्र त्यामुळे बेरजांचा क्रम बदलतो आणि शेवटचे अंक हलू शकतात, हे विसरता कामा नये.

नोंद आणि पडताळा

लायब्ररीची आवृत्ती, कम्पायलर, त्यास दिलेले पर्याय, निवडलेले ब्लास आणि परीक्षेचा निकाल यांची नोंद वहीत ठेवली म्हणजे काम पुरे झाले. वर्षभराने दुसऱ्या यंत्रावर वेगळे उत्तर आले तर कारण शोधण्यास हीच नोंद उपयोगी पडते.

बेसेल फलनाच्या त्या पहिल्या प्रयोगाचे उत्तर उणे ०·१७७५९६७७१३१४३३८ असे यावे. १९६४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने प्रसिद्ध केलेल्या गणिती फलनांच्या जाडजूड संदर्भग्रंथातही तेच अंक छापलेले आहेत. जुन्या कोष्टकाने नव्या लायब्ररीची साक्ष द्यावी, यात नवल काही नाही. साधने बदलली तरी शास्त्राची रीत तीच राहते : दुसऱ्याच्या गणितावर विसंबावे, परंतु एकदा तरी ते पडताळून पाहून मगच विसंबावे. लायब्ररीतून निघालेल्या आकड्यावर पुढे कोणी पूल बांधील, कोणी औषधाची मात्रा ठरवील. त्यांच्यापैकी कोणीही ती लायब्ररी कशी बसविली गेली हे पाहावयास येणार नाही. म्हणून ते पाहण्याची जबाबदारी बसविणाऱ्याचीच आहे.